मागचे लिहिलेले कसे तपासावे



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'संशोधनातील पूर्वसाहित्याचा आढावा' असे उत्तर दिले, आणि त्यांच्यापैकी एकदोघांच्या चेहऱ्यावर काळजी उमटली. ऊसतोडणी कामगारांची संघटना चालवणारा, सातवीपर्यंत शिकलेला माणूस विद्यापीठाच्या विषयावर काय बोलणार, अशी ती काळजी होती. ती रास्तच आहे. माझे शिक्षण थोडे शाळेत, बरेचसे फडावर आणि कारखान्याच्या वजनकाट्यावर, आणि उरलेले वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु या विषयाच्या अज्ञानाने मला एकदा भर बैठकीत मान खाली घालावयास लावली आहे. तेव्हा त्यावर बोलण्याचा थोडासा अधिकार माझ्याकडे आला आहे, असे मी समजतो.

गोष्ट २०१९ सालची आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बीड जिल्ह्यातील बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जातात, ही बातमी त्या वर्षीच्या उन्हाळ्यात वृत्तपत्रांतून देशभर गेली. आम्हांला ती नवी नव्हती. ती बाहेरच्यांच्या कानी गेली, एवढेच नवे होते. हंगाम सुरू होण्यापूर्वी एके ठिकाणी बैठक भरली. आमची मागणी साधी होती. पाळीच्या वा आजारपणाच्या दिवशी बाई फडावर गेली नाही तर तिच्या नावावर खाडा धरून पैसे कापू नयेत, आणि हंगामाच्या आधी व नंतर तिची डॉक्टरी तपासणी व्हावी. मी उभा राहिलो आणि मोठ्या आवाजात म्हणालो, "बीड जिल्ह्यात शंभरातल्या छत्तीस बायकांची पिशवी काढलेली आहे!" समोरच्या एका गृहस्थांनी चष्मा पुसत विचारले, "किती बायकांना विचारून?" मला सांगता येईना. "कोणी विचारले? कोणत्या गावांत? कोणत्या वयाच्या बायकांना?" तेही सांगता येईना. गृहस्थ संतापले नाहीत की हसले नाहीत. त्यांनी फाईल मिटली आणि चहा मागवला. आमची मागणी त्या चहाबरोबर संपली.

परतीच्या एस.टी.त आमच्यातली एक वयस्कर बाई मागच्या बाकावर बसली होती. बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, "भाऊ, म्हंजी आमचं खोटं ठरलं का?" तिचे खोटे ठरले नव्हते. ठरलो होतो मी. आणि खोटे बोललो म्हणून नव्हे, तर खरे कोठून आले याची चौकशी न करता बोललो म्हणून.

ज्यांनी ऊस तोडलेला नाही त्यांना वजनकाट्याची रीत सांगतो. भरलेली गाडी काट्यावर येते, तिचे वजन होते. ऊस गव्हाणीत रिकामा झाला की मोकळ्या गाडीचे वजन होते. पहिल्यातून दुसरे वजा करून उरते ते उसाचे वजन, आणि त्यावर आमची मजुरी. पावतीवर हे तिन्ही आकडे असतात. टोळीत नवा पोरगा आला की मी त्याला पहिली गोष्ट सांगतो ती हीच की, नुसता खालचा आकडा वाचू नकोस, वरचे दोन आधी वाच. आणि मी स्वतः मात्र त्या बैठकीत नुसता खालचा आकडा घेऊन गेलो होतो! वरचे दोन आकडे मला पुढे सापडले. राज्य महिला आयोगाच्या २०१८ मधील पाहणीत २०० बायकांना विचारले होते आणि त्यांपैकी ७२ जणींची शस्त्रक्रिया झालेली होती. दोनशेत बहात्तर, म्हणजे शंभरात छत्तीस. ही पाहणी ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची होती. साऱ्या जिल्ह्यातील बायकांची नव्हे. मी 'ऊसतोडीच्या' हा शब्द गाळला आणि सारा जिल्हाच त्या दोनशे जणींच्या गाडीत भरला.

विद्यापीठात ज्याला 'लिटरेचर रिव्ह्यू' किंवा मराठी प्रबंधांत 'संबंधित साहित्याचा आढावा' म्हणतात, ते काम मुळात हेच आहे. आपण ज्या प्रश्नाला हात घालतो आहोत तो आपल्या आधी कोणी विचारला, कोणाला विचारला, कशा रीतीने विचारला, उत्तर काय आले, आणि त्यातले आज किती टिकते, हे आपले तोंड उघडण्यापूर्वी पाहून ठेवणे. प्रबंधातील दुसरे प्रकरण भरण्यासाठी ते असते, असा समज पुष्कळांचा आहे. तो समज विद्यार्थ्यांचा आहे तसा काही मार्गदर्शकांचाही असावा, असे छापील प्रबंध चाळताना मला वाटले.

आपल्याकडे ही रीत परकी नाही. जुन्या शास्त्रग्रंथांत आपले मत मांडण्याआधी 'पूर्वपक्ष' मांडतात. म्हणजे विरुद्ध बाजूचे म्हणणे आधी सांगावयाचे, आणि तेही असे सांगावयाचे की विरोधकाने ऐकले तर 'होय, माझे म्हणणे हेच' असे त्याने कबूल करावे. मग उत्तरपक्ष, मग सिद्धान्त. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात सांख्यांचे, बौद्धांचे म्हणणे सविस्तर मांडून मगच त्याला उत्तर दिले. कामगारांच्या सभेत आम्ही पूर्वपक्ष एका वाक्यात उडवतो आणि टाळ्या घेतो. टाळ्या मिळतात, पण मागच्या बैठकीसारखी बैठक आली म्हणजे त्या टाळ्यांचा उपयोग होत नाही.

दुसरे उदाहरण समुद्रावरचे आहे. अठराव्या शतकात लांबच्या सफरीवर गेलेले खलाशी स्कर्व्ही नावाच्या रोगाने मरत. हिरड्या सडत, जुन्या जखमा उघडत. जेम्स लिंड नावाच्या आरमारी डॉक्टराने १७४७ मध्ये बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला निराळा उपाय दिला आणि संत्री-लिंबे खाणारी जोडी सर्वांत लवकर बरी झाली, ही कथा आपणांपैकी अनेकांनी शाळेत वाचली असेल. परंतु १७५३ मध्ये त्याने जो ग्रंथ छापला त्यातला मोठा भाग या प्रयोगाचा नाहीच. त्या रोगावर तोवर जे जे छापले गेले होते ते सारे काळाच्या क्रमाने लावून त्याने त्याची परीक्षा केली आहे, आणि तसे ग्रंथाच्या नावातच म्हटले आहे. इतके करूनही ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस सर्रास देण्यास १७९५ उजाडले. मधल्या बेचाळीस वर्षांत गेलेले खलाशी हे गरिबांची पोरे होते. अभ्यास पुरा झाला म्हणजे न्याय मिळतोच असे नाही, हे मी आपणांस सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी मला दोष देऊ नये.

आता हे काम करावयाचे कसे, याकडे वळतो. काही काळापूर्वी एक मुलगी माझ्या कचेरीत आली. तिचे आईवडील आमच्या टोळीत कोयता धरतात. आमच्याकडे 'एक कोयता' म्हणजे एक माणूस नव्हे, तर नवराबायकोची जोडी. हिशेब जोडीचा होतो आणि उचलही जोडीच्या नावावर मिळते. ती मुलगी जोडीबरोबर फडावर वाढली, शिकली आणि आता पीएच.डी. करीत होती. हातात चाळीस पाने होती. "मामा, सरांनी रिव्ह्यू परत केला," ती म्हणाली, "म्हणाले, ही नुसती यादी आहे." मी पाने वाचली. अमुक यांनी असे म्हटले आहे, तमुक यांच्या मते तसे आहे, अशी चाळीस पाने. बाजारात शेजारीशेजारी बसलेल्या भाजीवाल्यांसारखे सारे लेखक, एकाचे दुसऱ्याशी बोलणे नाही. सरांचे बरोबर होते. पुढचे काही महिने आम्ही दोघे ते काम पुन्हा करीत बसलो, आणि त्यात तिच्याहून अधिक मी शिकलो.

पहिली अडचण प्रश्नाची होती. तिचा विषय होता 'ऊसतोड कामगारांच्या समस्या'. मी म्हणालो, "बाळ, हा प्रश्न नाही, हा जिल्हा आहे. एवढा सारा ऊस एका कोयत्याने तुटत नाही." समस्येत मजुरी आली, शाळा आली, कर्ज आले, पाणी आले, आजार आले. तिने बरीच काटछाट केली आणि शेवटी असे लिहिले: ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेचा आणि उचलीचा काही संबंध आहे काय? प्रश्न एवढा अरुंद झाला तेव्हा कोणता कागद वाचावयाचा आणि कोणता सोडावयाचा, हे आपोआप ठरू लागले. सोडणे हेही आढाव्यातले काम आहे, आणि माझ्यासारख्या वाचनवेड्याला ते फार जड जाते.

दुसरी अडचण नावांची. एकच वस्तू निरनिराळ्या कागदांत निरनिराळ्या नावांनी लपलेली असते. आम्ही ऊसतोड म्हणतो, सरकारी कागद ऊसतोडणी म्हणतो, विद्यापीठ 'हंगामी स्थलांतरित मजूर' म्हणते. इंग्रजी लेखांत कोणी 'केन कटर' लिहितो तर कोणी 'केन हार्वेस्टर', आणि या दुसऱ्या नावाने शोधले की निम्मे कागद तोडणीयंत्रावरचे निघतात. बायका पिशवी म्हणतात, डॉक्टर हिस्टरेक्टमी लिहितात. इतकेच काय, आपल्या जिल्ह्याचे नावही एक नाही. इंग्रजी कागदांत ते कधी बीर, कधी भीर, कधी बीड असे येते. १९६९ सालच्या गॅझेटियरवर भीर आहे. निजामी अमलात अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत. ज्याला हे ठाऊक नाही तो सूचीत अंबाजोगाई शोधतो आणि 'काहीच मिळाले नाही' असे लिहून मोकळा होतो. म्हणून शोधाला बसण्याआधी एका पानावर सारी नावे लिहून काढावीत आणि नवे नाव भेटेल तसे त्यात भरीत जावे. मुलीच्या पानावर शेवटी एकतीस नावे झाली.

मग कोठे शोधावयाचे? मराठी ग्रंथांसाठी शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'ला तोड नाही. १८०० ते १९३७ या काळातील ग्रंथांची सूची १९४४ मध्ये आणि १९३८ ते १९५० या काळातील १९६१ मध्ये निघाली. विषयवार लावलेली ती जाड बाडे पाहिली म्हणजे एवढा उद्योग एका माणसाने कसा पार पाडला याचे नवल वाटते. अलीकडचे पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या सरकारी संग्रहात घरबसल्या, फुकट वाचता येतात. मोबाइल असलेल्या कोणालाही. पुण्यात १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत शेती आणि मजुरीवरच्या जुन्या पाहण्या आहेत. विधिमंडळातली प्रश्नोत्तरे, समित्यांचे अहवाल, जनगणना, जुन्या दैनिकांच्या फायली हेही 'साहित्य'च आहे. छापील पुस्तक तेवढे साहित्य असे नव्हे. मराठवाड्याच्या अभ्यासकाने एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत आपण हैदराबाद राज्यात होतो. आजोबांच्या काळातल्या शेतीचा व मजुरीचा कागद शोधावयाचा तर मुंबईच्या दिशेने पाहून भागत नाही, हैदराबादकडे पाहावे लागते, आणि तेथे उर्दू वाचणारा सोबतीला न्यावा लागतो.

सगळ्यांत चांगली वाट मात्र पुस्तकच दाखवते. एक बरा अभ्यास हाती लागला की त्याच्या तळटिपा धरून मागे जावे, म्हणजे त्याचे पूर्वज सापडतात. आणि त्या अभ्यासाचा उल्लेख पुढे कोणी कोणी केला हे पाहत पुढे यावे, म्हणजे त्याचे वंशज सापडतात. मुलीने सुरुवातीला शोधात 'बीड' हा शब्द घातल्यामुळे तिला बीडचेच कागद मिळाले होते. तळटिपांच्या वाटेने मागे जाता जाता ती दक्षिण गुजरातेत बारडोलीला पोचली. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने तेथल्या सहकारी साखर कारखान्यांच्या ऊसतोडीवर एक दीर्घ लेख लिहिला. तो १९७८-७९ मध्ये इंग्रजी नियतकालिकात दोन भागांत आला. बारडोलीला येणारे मजूर मुख्यतः आपल्या खानदेशातले. तिथेही कोयता, तिथेही मुकादम, तिथेही आगाऊ उचल. ती मुलगी तो लेख वाचून धावत आली. "मामा, ह्यात आपलंच घर आहे," म्हणाली. आपलेच घर, पण पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे आणि परक्या राज्यातले. 'बीडमध्ये हे सारे अमुक कारणाने झाले' असे जे आपण सहज बोलतो, त्यातली किती कारणे खास बीडची आणि किती उचलीच्या पद्धतीचीच, हे बारडोली वाचल्यावाचून सांगता येत नाही.

आता वाचावे कसे. मी तिला पुस्तकातील उतारे वहीत उतरवून घेण्याची बंदी केली आणि प्रत्येक कागदामागे एक चिठ्ठी करावयास लावली. चिठ्ठीवर रकाने: कोणी विचारले, केव्हा, कोठे, कोणाला, कितीजणांना, ती माणसे निवडली कशी, पैसा कोणाचा, उत्तर काय आले, आणि काय विचारलेच नाही. शेवटचा रकाना सर्वांत अवघड, कारण छापलेले सर्वांना दिसते, न छापलेले पाहावे लागते. 'पैसा कोणाचा' हा रकाना माझ्या धंद्यातून आला, हे कबूल करतो. मालकाच्या पैशाने झालेली पाहणी खोटी असते असे मी म्हणत नाही, आणि संघटनेच्या पैशाने झालेली खरी असते असेही नाही. परंतु वाचणाऱ्याला ते ठाऊक असावे.

या चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या तेव्हा माझा छत्तीस टक्क्यांचा आकडा पुन्हा समोर आला, आणि या वेळी तो एकटा नव्हता. येथे मी आपला थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण सारा विषय या एका ठिकाणी उलगडतो.

बातमी गाजल्यावर २०१९ मध्ये सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी जिल्ह्यात झालेल्या सर्वेक्षणात ऊसतोडीच्या ८२,३०९ बायकांची विचारपूस झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. दुसऱ्या चिठ्ठीवर ४,६०५ हा आकडा होता. तीन वर्षांत जिल्ह्यातील खासगी रुग्णालयांत इतक्या शस्त्रक्रिया झाल्याचे विधिमंडळात २०१९ मध्ये सांगण्यात आले. तिसरी चिठ्ठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीची: पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत गर्भाशय काढलेल्यांचे प्रमाण देशात शंभरी ३.२ आणि महाराष्ट्रात २.६.

छत्तीस, सतरा, साडेचार हजार, अडीच! सभेत बोलणारा यातला सर्वांत मोठा उचलतो, उत्तर देणारा सर्वांत लहान उचलतो, आणि ऐकणारा म्हणतो की या आकड्यांवर विश्वासच ठेवू नये. परंतु वजनपावती वाचल्यासारखे वाचले तर हे चारही आकडे एकमेकांशी भांडत नाहीत. साडेचार हजारांत ऊसतोडीच्या तेवढ्याच बायका नव्हत्या, सर्वच होत्या. आणि ती मोजणी तीन वर्षांतल्या व जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांतल्या शस्त्रक्रियांची. तेरा हजार आठशे एकसष्ट ही आजवर केव्हाही, कोठेही शस्त्रक्रिया झालेल्या बायकांची मोजणी. एक तीन वर्षांच्या पाण्याचे माप, दुसरे साऱ्या विहिरीचे. ती दोन एकमेकांतून वजा करता येत नाहीत.

मग छत्तीस आणि सतरा? दोनशे बायका चिठ्ठ्या टाकून निवडल्या असत्या, तर नुसत्या योगायोगाने आकडा इकडेतिकडे सरकू शकला असता. हिशेबाने तो साधारण एकोणतीस ते त्रेचाळीस यांच्या दरम्यान राहावा. सतरा त्याच्या खूप खाली आहे. म्हणून हा फरक योगायोगाचा नसून, दोन्ही वेळी विचारलेल्या बायकाच निरनिराळ्या असल्या पाहिजेत. गावे निराळी, वये निराळी, निवडीची रीत निराळी. आणखी एक शंका मुलीनेच काढली, मला सुचली नव्हती. सरकारी माणूस वही घेऊन दारात आला की बायका अशी गोष्ट सांगतातच असे नाही. सांगण्याची भीती आकडा खाली ओढते. ती किती खाली ओढते हे मात्र कोणत्याच चिठ्ठीवर नव्हते, म्हणून तिने ते 'शंका' म्हणूनच लिहिले.

राहिला अडीच टक्क्यांचा. सतराला २.६ने भागून 'साडेसहा पट' असे लिहिण्याचा मोह आम्हां दोघांनाही झाला. पण राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांच्या मुली आहेत, आणि ही शस्त्रक्रिया वयाबरोबर वाढत जाते. ऊसतोडीच्या सर्वेक्षणातले वयांचे मिश्रण तसेच असेल असे धरून चालता येत नाही. सारख्या वयाची सारख्या वयाशी ताडून पाहिल्याशिवाय पटीचा आकडा लिहू नये, एवढेच तिने लिहिले. तरीही सतरा आणि अडीच यांतले अंतर एवढे मोठे आहे की नुसत्या वयाने ते सारे भरून निघेल असे मला वाटत नाही. हे माझे मत. तिच्या प्रबंधात ते नाही.

मला यातून जे समजले ते असे. २०१९ च्या त्या बैठकीत मी छत्तीसऐवजी सतरा म्हटले असते आणि 'ब्याऐंशी हजार तीनशे नऊ बायकांना विचारून' असे पुढे जोडले असते, तर समोरच्या गृहस्थांना फाईल मिटता आली नसती. अर्थात त्या दिवशी ते सर्वेक्षण बाहेर आलेले नव्हते. पण दोनशे बायकांचा खरा आकडा खऱ्या पायासकट सांगून 'आता तुम्ही साऱ्या जिल्ह्याला विचारा' अशी मागणी मी करू शकलो असतो, आणि ती नाकारणे त्यांना कठीण गेले असते.

चिठ्ठ्या झाल्यावर त्यांची मांडणी. लेखकांच्या नावांनी मांडल्या की भाजीबाजार होतो, हे आधी सांगितलेच. आम्ही त्या प्रश्नांनी मांडल्या. 'किती' हे मोजणाऱ्या एका ढिगात. 'का' हे विचारणाऱ्या दुसऱ्यात. 'का'च्या ढिगातच भांडण होते. कोणी म्हणे, डॉक्टरांची लालूच. कोणी म्हणे, खाड्याची भीती. कोणी म्हणे, लहान वयातली लग्ने आणि लवकर झालेली बाळंतपणे. कोणी म्हणे, फडावर ना पाणी ना आडोसा, त्यातून होणारे आजार. आधीच्या चाळीस पानांत ही सारी मते शांतपणे एकामागे एक उभी होती. आता कोणता पुरावा कोणत्या कारणाकडे झुकतो आणि कोठे दोन कारणे एकाच बाईच्या आयुष्यात गुंतलेली आहेत, हे तिला लिहावे लागले. चाळीस पानांची एकवीस झाली.

शेवटी 'उणीव' शोधावयाची असते. म्हणजे अजून कोणी न विचारलेली गोष्ट, जिच्यासाठी आपला अभ्यास. तिने पहिल्याच झटक्यात लिहिले, 'या विषयावर आजवर कोणीही लिहिलेले नाही.' हे वाक्य मी मराठी प्रबंधांत इतक्या वेळा वाचले आहे की ते छापखान्यात तयार खिळ्यांनी जुळवून ठेवले असावे असे वाटते! मी तिला ते खोडावयास लावले आणि 'अमुक तारखेपर्यंत, अमुक ठिकाणी, अमुक नावांनी शोधले असता मला आढळले नाही' असे लिहावयास सांगितले. वाक्य लांबले, पण आता ते तपासता येते. दुसऱ्या कोणाला उद्या सापडले तरी ती खोटी ठरत नाही.

तपासता येणे याविषयी आपल्या गावातलीच एक गोष्ट सांगतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना ज्ञानेश्वरीची एक अतिशय जुनी पोथी मिळाली ती येथे, बीडच्या पाटांगणावर. पैठणच्या एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये अनेक प्रती ताडून ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला होता. आपली पोथी त्याच्याही आधीची, असे राजवाड्यांचे म्हणणे, आणि तिच्यावरून त्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी छापली व तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. विद्वत्ता अफाट. परंतु ती मूळ पोथी आज उपलब्ध नाही. त्यामुळे पोथी किती जुनी, कोणता शब्द पोथीतला आणि कोणता वाचणाऱ्याचा, हा वाद शंभर वर्षे चालला तरी मिटवण्याचे साधन कोणाच्या हाती नाही. एवढ्या मोठ्या माणसाची ही स्थिती, तर आमच्यासारख्यांनी आपल्या आकड्याची पोथी कोठे ठेवली आहे हे प्रत्येक वेळी लिहून ठेवलेच पाहिजे. तिसऱ्याच्या लेखातले चौथ्याचे वाक्य पाचव्याने वापरणे, हा तर नित्याचा प्रकार आहे. मूळ कागद डोळ्यांनी पाहिला नसेल तर 'पाहिला नाही, अमुकाच्या लेखावरून घेतले' असे लिहावे. त्यात कमीपणा काही नाही.

मुलीच्या चिठ्ठ्यांत एक रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा किंवा अर्धाच भरलेला राहिला. शस्त्रक्रियेचे पैसे आले कोठून? मुकादमाकडून जादा उचल घेऊन आले असतील, तर ती उचल पुढच्या किती हंगामांत फिटली? बाई किती दिवसांनी पुन्हा मोळी उचलू लागली? हे विचारण्यासाठी ती मागच्या दिवाळीनंतर आईबापांच्या टोळीबरोबर सांगलीकडे गेली. जाण्यापूर्वी तिने आपल्या आईला विचारून पाहिले. आई म्हणाली, "इतके जण येऊन इचारून गेले, पण उचलीचं कोणी इचारलं न्हाई बघ." आईचे हे वाक्य आढाव्यात घालू काय, असे तिने मला विचारले. मी म्हणालो, आढाव्यात नको. तो कागद नव्हे. पुढच्या प्रकरणात घाल, तारीख आणि फडाचे गाव लिहून.

चिठ्ठीचा कोरा नमुना आमच्या संघटनेच्या कचेरीत भिंतीला लावून ठेवला आहे. वाचनालयातही एक प्रत दिली आहे. त्यात मी अलीकडे एक रकाना वाढवला: 'विचारले त्या बायकांना निकाल परत सांगितला काय?' तो अजून कोणत्याही चिठ्ठीवर भरता आलेला नाही.